विमोचनासाठी थांबलेला तक्ता

जामखेडच्या पट्ट्यात डॉक्टर रेश्मा खाडे कुठं भेटतील असं विचारलं तर लोक डोकं खाजवतात. ‘कशावरून मॅडम’ म्हटलं की लगेच सरकारी दवाखान्याचा रस्ता दाखवतात. हे नाव दवाखान्यातल्याच मंडळींनी ठेवलेलं, आणि ते काही लाडानं ठेवलेलं नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, बाळाचा ताप उतरला, की मॅडम विचारणार, कशावरून? हात लावून की थर्मामीटर लावून? बाहेरच्या डॉक्टरनं पोराला जालीम औषधांची माळ लावून पाठवलं तर त्याला फोन करून विचारणार, अहो, हे कशावरून दिलंत? असल्या बाईला चहाला कोण बोलावणार? कोणी बोलावत नसे. तिचं तोंडही फटकळ होतं, त्यामुळं न बोलावणाऱ्यांना दोष देता येत नाही.

ही खोड बापाकडून आली. तिचे वडील पुंजाराम यांची गावात पिठाची गिरणी होती. बाया दळण डोक्यावरून उतरवत आणि सांगत, अमुक इतकं हाय बघा. पुंजाराम मान डोलवायचे आणि डबा उचलून काट्यावर ठेवायचे. एकदा सख्ख्या बहिणीचा डबा त्यांनी भर गर्दीत काट्यावर ठेवला. ती बाई पुढं दोन दिवाळ्या माहेरपणाला आली नाही. पोरीनं हे सगळं गिरणीच्या दारात बसून पाहिलं होतं. पुढं ती लहान मुलांची डॉक्टर झाली आणि तिथंही वजनाशिवाय पान हलत नाही हे पाहून तिला मोठं समाधान वाटलं. पोराचं औषध पोराच्या वजनावर ठरतं, आईच्या रडण्यावर किंवा मामाच्या आवाजावर ठरत नाही, हे ती प्रत्येकाला ऐकवायची.

तिच्याबरोबरच्यांनी केडगावात, पुण्यात आपापली हॉस्पिटलं टाकली. ती सरकारी नोकरीत राहिली, कोरड्या मुलखात, जिथं उन्हाळा लागला की दगडाखाली विंचू आणि विंचवामागून पोरं. तांबडा विंचू. मोठा माणूस चावल्या जागी बोंबलतो आणि बहुधा वाचतो. लहान पोर मात्र आधी घामानं न्हाऊन निघतं, मग त्याचे हातपाय गार पडतात, आणि वेळेत आवरलं नाही तर छातीत पाणी भरून तोंडाला फेस येतो. तिच्याकडं अशी पोरं येत, आणि बहुतेक उशिराच येत.

उशीर का होतो, हे तिनं शोधायला घेतलं. अंतर हे कारण निघालं नाही. पोराला गावाजवळच्या आरोग्य केंद्रात नेलेलं असायचं, तेही लवकर. तिथं सलाईन लावायचे, कारण सलाईन लावलं नाही तर नातेवाईकांच्या मते उपचार झालेलाच नसतो. बाटली धो धो सोडायचे. मग घाबरून एखादं इंजेक्शन टोचायचे आणि म्हणायचे, पुढं न्या. ‘पुढं न्या’ हा आपल्याकडचा सगळ्यात खपणारा उपचार आहे. त्यात कोणाच्या अंगाला काही लागत नाही, पोर वाटेत गेलं तर रस्त्याचा दोष. आणि ज्या गोळीनं हे पोर सावरलं असतं, ती साधी रक्तदाबाची गोळी, त्याच आरोग्य केंद्राच्या कपाटात पडून असायची. सलाईननं उलट त्या छातीत आणखी पाणी जायचं.

विंचवाचं जे, तेच झटक्यांचं, तेच चुकून रॉकेल किंवा फवारणीचं औषध प्यालेल्या पोरांचं. आधी हात लावायला कोणी तयार नाही. मग रेश्मानं ठरवलं की एक तक्ता करायचा. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावायचा, पोर टेबलावर असताना मान वर करून वाचता येईल एवढा मोठा. पहिल्या काही मिनिटांत काय करायचं, काय अजिबात करायचं नाही, किती वजनाला किती औषध, आणि पुढं कधी न्यायचं.

यासाठी एक समिती झाली. जिल्ह्यातले थोडे सरकारी, थोडे खासगी डॉक्टर. अध्यक्ष डॉक्टर आप्पासाहेब, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत. साहेब माणूस वाईट नव्हता. सभा वेळेवर सुरू करायचा, वडा गरम आहे का बघायचा, कोणाला दुखवायचा नाही. न दुखवण्याचीच त्याला आयुष्यभर सवय लागली होती, आणि खरं सांगायचं तर सगळा घात त्यानंच झाला.

सभांमध्ये रेश्माचं सगळ्यांशी वाजलं. एका बुजुर्ग डॉक्टरांनी सांगितलं, “मी अख्खी हयात विंचवाला स्टिरॉइड देत आलोय.” ती म्हणाली, “सर, त्यातली किती वाचली, किती गेली, आणि न देताही किती वाचली असती, हे कुठं बघितलंय का?” सर पुढच्या सभेला आले नाहीत. पण हिशेब तिनं स्वतःलाही चुकवू दिला नाही. फार आजारी पोराला सलाईन भराभर सोडावं अशी एक ओळ दुसऱ्या आजारासाठी तिनंच लिहिली होती. एका तरुण डॉक्टरनं आफ्रिकेतल्या दवाखान्यांमधला मोठा अभ्यास समोर ठेवला, त्यात तसं सलाईन दिलेली पोरं जास्त दगावली होती. ती तो अभ्यास घरी घेऊन गेली, दोनदा वाचला, आणि आपली ओळ आपल्या हातानं काढली. आपल्याकडच्या सवयींसाठी काही ओळी तिनं वाढवल्या. गोळी दिल्यावर पोराला आडवंच ठेवा, आईच्या कडेवर देऊ नका, कारण उभं धरलं तर रक्तदाब एकदम उतरतो. आणि आपल्याकडं पोर रडलं की पहिल्यांदा ते कडेवर जातं. नातेवाईक सलाईन मागतील तेव्हा त्यांना काय सांगायचं, तेही तिनं दोन ओळींत सोप्या भाषेत लिहिलं.

तक्ता दसऱ्याच्या आधी छापून तयार झाला. गठ्ठे समितीच्या खोलीत येऊन पडले. खळ लावायची आणि भिंतीला चिकटवायचे, एवढंच बाकी होतं. पण आपल्याकडं छापलेली वस्तू छापली म्हणून बाहेर पडत नाही. तिचं आधी विमोचन व्हावं लागतं. लाल रिबिनीत गुंडाळायचं, कोणा मोठ्या माणसाच्या हातानं सोडायचं, फोटो काढायचा. मग ती वस्तू खरी.

साहेब म्हणाले, “मॅडम, एवढं सुंदर काम झालंय, गुपचूप वाटून कसं चालेल? मोठ्या हातानं होऊ द्या. त्याशिवाय वजन येत नाही.”

तेवढ्यात जिल्ह्याचं नाव बदललं आणि तक्त्यावर तर जुनं नाव. नव्या नावाच्या पट्ट्या छापून चिकटवायचं ठरलं. पट्ट्या येईपर्यंत निवडणुकीची आचारसंहिता. ती उठली तर विमोचनाला ठरलेले पाहुणे साखर कारखान्याच्या हंगामात गुंतलेले. हंगाम संपत आला तर पाहुण्यांच्या घरात लग्न. पाहुणे बिचारे कोणाला नाही म्हणत नव्हते, नुसती तारीख देत नव्हते.

रेश्मानं विचारलं, “साहेब, निदान सगळ्या केंद्रांच्या डॉक्टरांना मोबाईलवर पाठवू का? विमोचन मागून होऊ दे.”

साहेब हसले. “मॅडम, मोबाईलवर गावभर फिरल्यावर पाहुण्यांनी सोडायचं काय? रिकामी रिबीन? आणि माझ्या सहीच्या पत्राशिवाय तुमचा तक्ता मानणार कोण? पत्र विमोचनादिवशीच निघेल. जरा कळ काढा.”

आणि इथं ती गप्प बसली. एरवी कोणाची भीड न ठेवणारी ही बाई इथं नेमकी गप्प बसली. सहीवाचून कोणी गोळी द्यायला धजणार नाही हे खरं होतं, ते तिला पटलं. पण आणखीही एक होतं, आणि ते तिचं तिला ठाऊक होतं. तक्त्याच्या तळाला तिचं नाव होतं, सगळ्यांत पहिलं. ते नाव मंडपात मोठ्यानं वाचलं जावं, आणि पुढच्या रांगेत पुंजाराम बसलेले असावेत, असं तिला वाटत होतं. यात पाप नाही. पण त्या इच्छेपायी ती सगळा हिवाळा थांबली, आणि उन्हाळा लागला.

चिंचदऱ्याच्या गोजरबाईंचा नातू करण, सहा वर्षांचा. आई-बाप बाहेरगावी कामाला, पोर आजीजवळ. दुपार कलताना चुलीसाठी गोवरी काढायला त्यानं हुडव्यात हात घातला आणि किंचाळला. गोजरबाई शहाणी बाई. मंत्र घालणाऱ्याकडं गेली नाही की चुना फासत बसली नाही. शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर पोराला मध्ये घेतलं आणि तडक आरोग्य केंद्र गाठलं. सरकार भिंतीभिंतीवर जे करायला सांगतं ते सगळं तिनं केलं.

केंद्रात राम नावाचा नवा डॉक्टर होता. शहरात वाढलेला, सरकारी सक्तीची नोकरी पुरी करायला आलेला, विंचू पुस्तकातच पाहिलेला. पोरगं घामानं चिंब, हात बर्फासारखे. तो घाबरला, आणि घाबरलेला डॉक्टर जे करतो तेच त्यानं केलं. सलाईन लावलं, भराभर सोडलं, इंजेक्शन दिलं आणि गाडी बोलावून म्हणाला, पुढं न्या.

रेश्माकडं करण आला तेव्हा त्याच्या छातीतून बुडबुड्यांचा आवाज येत होता. तिनं होतं नव्हतं ते सगळं केलं. नळी घातली, तोंडातला गुलाबी फेस ओढून काढला, औषधं दिली, नगरला नेण्यासाठी गाडी तयार ठेवली. दिवेलागणीला पोरगं गेलं. गोजरबाई दाराबाहेर त्याच्या चपला हातात धरून बसली होती. मालनबाई, वॉर्डातली म्हातारी आया, तिला सांगायला गेली, कारण रेश्माच्यानं ते झालं नाही.

दुसऱ्या दिवशी ती तडक केंद्रावर गेली ती भांडायलाच. रामला तिनं बोलायची फुरसत दिली नाही. “विंचवाच्या पोराला सलाईन? कपाटात गोळी असताना? शिकलात काय तुम्ही?”

राम ऐकत राहिला. रात्रभर झोपलेला दिसत नव्हता. शेवटी म्हणाला, “मॅडम, मला माहीत नव्हतं. चुकलोच. पण तुम्हाला तर माहीत होतं ना?”

“म्हणजे?”

“तुम्ही विंचवाचा तक्ता केलाय एवढंच परवा मीटिंगला कळलं. छापूनही झालाय म्हणे. मग आम्हाला का नाही दिला?”

तिला राग आला, आणि तो राग ठेवायला जागा सापडेना. आपण ज्याला फाडून खायला आलो त्यानं आपल्यालाच आरसा दाखवावा याची तिला चीड आली आणि लाज वाटली. गाडीत बसल्या बसल्या तिनं तक्त्याची फाईल जिल्ह्यातल्या जेवढ्या डॉक्टरांचे नंबर होते तेवढ्यांना पाठवली. खाली लिहिलं, सहीचं पत्र नाही, जबाबदारी माझी, आजपासून वापरा.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. ते ओरडले नाहीत. त्यांचा आवाज दुखावलेला होता. “मॅडम, पेपर फुटावा तसा तुम्ही तक्ता फोडलात. पाहुण्यांनी कालच तारीख दिली होती हो.”

“साहेब, पोरगं गेलं.”

“वाईटच झालं. पण एका केसवरून घाई करायची नसते, हे तुम्हीच आम्हाला शिकवत होता.”

यावर तिनं फोन ठेवला. पुढं तिला खुलासा मागणारी नोटीस आली. तिनं चार ओळींत खुलासा दिला आणि कामाला लागली.

आठवडाही गेला नसेल, चिंचदऱ्याच्याच खाजाभाईंची लेक फलक त्याच केंद्रावर आली. खाजाभाई वीटभट्टीवर कामाला. पोरीनं वीट उचलली आणि विंचू निघाला. तोच घाम, तेच गार हातपाय, तोच डॉक्टर राम. या वेळी त्यानं पोरीला आधी काट्यावर ठेवलं, वजनाप्रमाणं गोळी दिली, सलाईनला हात लावला नाही. खाजाभाई पोरीला कडेवर घ्यायला धावले तर त्यांना खेकसून मागं सारलं आणि फलकला आडवीच गाडीत घातली. रेश्माकडं पोहोचेपर्यंत पोरीचे हात कोमट झाले होते. दुसऱ्या दिवशी ती खाटेवर बसून बिस्कीट खात होती आणि बाप भेटेल त्याचे हात हातात घेत होता.

“मॅडम, तुमच्यामुळं माझी पोरगी वाचली. लई उपकार झाले.”

सगळा वॉर्ड आनंदात. रेश्मा आतल्या खोलीत गेली, दार लावलं आणि रडली. ते आनंदाचे अश्रू होते असं मालनबाईंनी सगळ्यांना सांगितलं. ते तसे नव्हते. इतकं सोपं होतं, एवढंच तिच्या मनात येत होतं. एक काटा, एक गोळी, आणि कडेवर घ्यायचं नाही. इतकं सोपं होतं आणि ते आपण सबंध हिवाळा कुलपात ठेवलं.

विमोचन झालंच. मंडप पडला, पाहुणे आले, रिबीन सुटली. रेश्माला बोलावणं नव्हतं. तक्त्याच्या तळाशी समितीतल्या नव्या नावांची पट्टी चिकटवली होती, तिच्याखाली रेश्माचं नाव गेलं. वर पाहुण्यांचा फोटो बसवायला जागा हवी होती म्हणून नातेवाईकांना काय सांगायचं त्या दोन ओळींवरच तो चिकटवला. पुंजारामांनी पेपरातला फोटो भिंग लावून पाहिला आणि लेकीला फोनवर विचारलं, “तू कुठं दिसंना गं?” ती म्हणाली, “ड्युटी होती, आप्पा.”

नाव गेल्याचं तिला वाईट वाटलं, पण तिला वाटलं होतं तितकं नाही. तिला धास्ती होती ती वेगळीच. आणि ती एका बाजारादिवशी दवाखान्याच्या दारातून आत आली.

गोजरबाई. बरोबर कोणी नव्हतं. ओळीत उभी राहिली, तिचा नंबर आल्यावर आत आली आणि खुर्चीवर न बसता टेबलाशी उभी राहिली.

“बाई, भांडाया न्हाई आले. इचाराया आले.”

“बसा ना, आजी.”

“खाजाभाईची फलक बी इंचवानंच धरली हुती. त्याच दवाखान्यात नेली. त्योच डागदर हुता. तिला म्हनं गोळी दिली अन् ती वाचली. खरं हाय का?”

“खरं आहे.”

“मंग माज्या करनला का न्हाई दिली? न्यायला माजा उशीर झाला का? रातध्याड त्योच इचार येतो. मी लुगडं बदलाया थांबले हुते जरा. त्यानं झालं का?”

मालनबाई औषधाच्या ट्रेपाशी उभी होती. तिनं गोजरबाईच्या पाठीमागून मॅडमला खूण केली, मान हलवली. तिचा अर्थ रेश्माला कळला. सांगा की प्रत्येक विंचवाचं विष वेगळं असतं. सांगा की त्याचं आयुष्यच तेवढं होतं. म्हातारी डोळे पुसेल, नशिबाला बोल लावील आणि घरी जाईल. डॉक्टर लोक असं रोज सांगतात, आणि कित्येकदा ती दयाच असते.

रेश्माच्या तोंडापर्यंत ते आलंही. पण समोरची बाई लुगडं बदलायच्या क्षणाला सगळा दोष देऊन बसली होती. खोटं बोललं तर तो दोष जन्मभर तिच्याकडंच राहणार होता.

“तुमचा उशीर झाला नाही, आजी. तुम्ही वेळेत नेलंत. गोळी तिथं होती.”

“मंग?”

“ती द्यायची कशी, हे त्या डॉक्टरांना माहीत नव्हतं. आम्ही ते कागदावर छापून ठेवलं होतं. मीच लिहिलं होतं. पण कोणाला दिलं नव्हतं.”

“का?”

रेश्मानं टेबलाची कड धरली. “एका मोठ्या पाहुण्याच्या हातानं तो कागद वाटायचा होता. त्यांची तारीख मिळत नव्हती. आम्ही थांबलो. मी पण थांबले.”

मालनबाईनं तोंडाला पदर लावला. बाहेर ओळीतलं कोणीतरी पोर किरकिरत होतं. गोजरबाई शिव्या देईल, ऊर बडवील, दवाखाना डोक्यावर घेईल, अशी रेश्माची तयारी होती. तसं झालं असतं तर तिला हलकंही वाटलं असतं. म्हातारी नुसती तिच्याकडं बघत राहिली. एवढी शिकली-सवरलेली माणसं असं कसं करतात, हे तिला खरोखरच उमगत नव्हतं.

“आमच्यात बी पाव्हना येतो, बाई,” ती शेवटी म्हणाली. “कितीबी मोठा आसू द्या. पर लेकरू भुकंलं की आदी लेकराला वाढत्यात. पाव्हना थांबतो. त्यो काय मरत न्हाई.”

मग तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, मागच्या बाईला नंबर मोकळा करून दिला आणि निघून गेली.